पठारावरची हजेरी

महिपतमामा कशाकशाला घाबरतात याची यादी आम्ही टीममधल्या मुलींनी एकदा जिमखान्याच्या फळ्यावर लिहिली होती. लिफ्ट. सरकता जिना. कुत्रा, त्यातही पांढरा. वीज, आकाशातली आणि बटणातली. उतू जायला आलेलं दूध. रिक्षातली कडेची जागा. यादी तेविसापर्यंत गेली तेव्हा मामा चावी घेऊन आत आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सगळी यादी वाचली आणि खडू उचलून खाली चोविसावं लिहिलं, ‘पाल राहिली.’

डोंबिवलीतल्या आमच्या कॉलेजात ते जिमखान्याचे शिपाई होते. गाव संगमेश्वराकडचं, पण विशीत ठाकुर्लीला आले आणि तिथलेच झाले. पहाटे साडेपाचला मैदानावर फक्की मारायची, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या रेषा ओढायच्या, हे त्यांचं पहिलं काम. त्याशिवाय छातीवरच्या नंबरांच्या सेफ्टी पिना, ग्लुकोजचे डबे, मलमपट्टीची पेटी आणि शिट्टी त्यांच्या ताब्यात. टीम बाहेरगावी निघाली की मुली मोजणं हेही त्यांचंच. प्रत्येकीच्या डोक्यावर टपली मारत ते मोठ्यानं मोजायचे. आम्ही एवढ्या घोड्या झालेल्या, आम्हाला त्या टपलीचा भयंकर राग यायचा.

इतकं घाबरण्याचं कारण काय, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ‘कारण लागतं होय?’ ते म्हणाले. ‘तुला भूक लागते तेव्हा विचारतेस का, का लागली म्हणून?’ त्यांच्या घरी आम्ही वर्षातून एकदा, गौरीच्या जेवणाला जायचो. तिथे मालनमामी सांगायच्या, ‘झोपायच्या आधी गॅस बंद आहे का बघायला हे तीनदा उठतात. तिसऱ्यांदा उठले की मी म्हणते, आता उठलाच आहात तर दोन कप चहा टाका.’ मामा स्वतःच सगळ्यात आधी हसायचे.

त्यांची सगळ्यात जास्त खेचायचे ती मी. टीममध्ये माझा लौकिक असा की सोनल कुणाच्या बापाला घाबरत नाही. तो लौकिक मला फार आवडायचा आणि मामांच्या शेजारी उभं राहिलं की तो जरा जास्तच चमकायचा.

टीम म्हणजे क्रॉसकंट्रीची, सहा मुलींची. क्रॉसकंट्रीला आखलेला ट्रॅक नसतो. बांध, चिखल, चढ, ओढा, समोर येईल त्यातून पळायचं. हेमा मॅडम आमच्या खेळाच्या प्रमुख, स्वतः तरुणपणी डोंगर पालथे घातलेल्या. त्यांनी एक रीत पाडली होती. स्पर्धा संपली की हरो वा जिंको, दुसऱ्या दिवशी जवळचा एखादा डोंगर चढून मगच घरी यायचं. ‘पळताना तुम्ही आजूबाजूला काही बघत नाही,’ त्या म्हणायच्या. ‘दुसऱ्या दिवशी ते बघायला जायचं.’ आम्हाला हा दुसरा दिवस स्पर्धेपेक्षा प्यारा होता. मामांच्या पोटात मात्र आदल्या आठवड्यापासून कळा यायच्या, आणि तरी ते प्रत्येक वेळी यायचे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आमचा सकाळचा सराव आठला संपायचा आणि पहिलं लेक्चर साडेसातला सुरू व्हायचं. म्हणून रोज एकजण सराव अर्धा सोडून वर्गात जाऊन बसायची आणि बाकीच्यांच्या प्रॉक्सी लावायची. दुसरीचं नाव आलं की तिच्या आवाजात ‘येस मॅडम’ म्हणायचं. समीक्षाचा आवाज मी काढायचे, थोडा नाकातून, शेवट किंचित वर. माझा ती काढायची. दोन वर्षांत आमच्यापैकी एकीलाही ते खोटं बोलणं वाटलं नव्हतं. नाव ऐकू आलं आणि माणूस दिसलं नाही, की तोंडातून आपोआप ‘येस’ निघायचं.

ऑगस्ट महिना होता. त्या वर्षीची विभागीय स्पर्धा कल्याणच्या पुढे, मुरबाडच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात भरली होती. समीक्षा आमची सगळ्यात वेगवान. ठाकुर्लीची, लुकडी, कमी बोलणारी. पहिल्या तिघींची विद्यापीठाच्या शिबिरासाठी निवड होणार होती आणि त्या एका गोष्टीसाठी ती वर्षभर पहाटे चारला उठत होती. मामांना शर्यतीचा शेवट बघवत नाही. ते मैदानाकडे पाठ करून उभे राहतात आणि शेजारच्याला विचारत राहतात, ‘आली का? आली का?’ समीक्षा दुसरी आली. मी अकरावी, पण माझं सोडा. टीम तिसरी आली आणि समीक्षाची निवड पक्की झाली. मामांनी त्या दिवशी हेमा मॅडमना न विचारता सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली.

रात्री गावातल्या शाळेत मुक्काम करून रविवारी सकाळी आम्ही घोडेखांबच्या डोंगराकडे निघालो. पायथ्याला ठाकूरवाडी. तिथल्या सखारामदादांनी वाट दाखवली आणि निघताना बजावलं, ‘दोनच्या आत खाली या. वर धुकं बसलं की आम्ही पण गुरं घेऊन परततो. आणि ओढा चढला की तो कोणाचा नाही.’ आम्ही हो हो म्हटलं आणि पुढे झालो. मामांनी मात्र त्यांना थांबवून तीनदा विचारलं, चढला म्हणजे किती चढतो, किती वेळात चढतो, उतरतो कधी.

ओढा तेव्हा घोट्याएवढा होता. तो ओलांडला आणि तासाभराचा खडा चढ चढून पठारावर आलो. वर मैलभर सपाटी, गुडघ्याएवढं गवत, मध्ये एक मोठा काळा दगड आणि कडेला तिन्ही बाजूंनी तुटलेला कडा. समीक्षा उभी राहून त्या सपाटीकडे बघतच राहिली. ‘इथे काय पळता येईल गं,’ ती म्हणाली. मॅडमनी ऐकलं आणि सांगितलं की कालची शर्यत पायात आहे, आज कुणीही पळायचं नाही. आम्ही दगडाजवळ बसून पोळी-चटणी खाल्ली.

धुकं कसं आलं ते मला सांगता येणार नाही. मी डबा पिशवीत ठेवायला खाली वाकले तेव्हा कडा दिसत होता. मान वर केली तेव्हा दिसत नव्हता. मग गवत गेलं, मग पलीकडे बसलेल्या मुली गेल्या. दुपारचा दीड वाजला होता आणि चार हातांपलीकडे सगळं पांढरं होतं. पाऊस बारीक पण दाट, आवाज दबलेले. सगळ्यांनी कॉलेजचे निळे रेनकोट चढवले, टोप्या पुढे ओढल्या आणि कोण कुठली ते ओळखू येईना.

‘जवळ या सगळ्या,’ मॅडम ओरडल्या. ‘आत्ताच्या आत्ता उतरायचं.’ प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढून त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. एकेक येस येत गेलं. समीक्षाचं नाव आलं. तिचं येस आलं नाही. क्षणभरच. मला वाटलं दगडाच्या आड गेली असेल, येईलच, मॅडम उगाच ओरडतील. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, नाकातून, शेवट किंचित वर, ‘येस मॅडम.’

मॅडमनी पुढचं नाव घेतलं. मग माझं आलं. मी माझ्या आवाजात येस म्हटलं आणि आम्ही निघालो.

उतरताना पहिली पाच मिनिटं मला काहीच वाटलं नाही. ती आमच्यात सगळ्यात वेगवान, उतारावर तर वारा. दहा मिनिटांनी मी मागे बघितलं. मागे मामा होते, टीमच्या शेवटी नेहमी तेच असायचे, आणि मामांच्या मागे पांढरं. पंधरा मिनिटांनी मी टोप्या मोजायला लागले. वाट इतकी अरुंद आणि वळणांची की एका वेळी तीनच दिसायच्या. प्रत्येक वळणावर मला वाटे, आता पुढे मॅडम सोडून पाच दिसतील. ओरडून थांबवावं असं दर पावलाला मनात येत होतं आणि दर पावलाला थांबवणं आणखी अवघड होत होतं, कारण आता मॅडमनी विचारलं असतं, इतका वेळ का नाही सांगितलंस.

ओढा लागला तेव्हा तो गुडघ्याच्या वर होता आणि तांबडा. मॅडम मधल्या दगडावर उभ्या राहून एकेकीचा हात धरून पलीकडे सोडायला लागल्या. चौघी गेल्या. पाचवी मी. माझा हात धरून त्या माझ्या मागे बघत होत्या.

‘सहावी?’

मी पाण्याकडे बघितलं.

‘समीक्षा कुठे आहे?’

‘मागे होती,’ मी म्हटलं. तेही खोटंच.

मॅडमचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. एका बाजूला चार मुली आणि चढतं पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर. फोनला रेंज नव्हती. तेव्हा मामा म्हणाले, ‘तुम्ही ह्या पोरींना वाडीत घेऊन जा. सखारामला दोर घेऊन पाठवा. मी वर जातो.’ त्यांचे दात वाजत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘हिला राहू द्या माझ्याबरोबर. एकट्याला मला जमायचं नाही.’

इतकं उघड कुणी बोलतं का? मॅडमनी मान हलवली आणि आम्ही दोघं परत फिरलो.

त्या चढाचा प्रत्येक दगड मला आठवतो. वाटेवरून पाणी वाहायला लागलं होतं. मामा पुढे, मी मागे. दहा पावलं चढले की ते थांबायचे, शिट्टी मारायचे, ऐकायचे. शिट्टीचा आवाज समोरच्या धुक्यात शिरून तिथेच मरायचा. मग एकदा ते खाली बसले. मला वाटलं छातीत दुखतंय. ते म्हणाले, ‘काही नाही. पाय ऐकत नाहीत. तू बोलत राहा.’

‘काय बोलू?’

‘काही पण. सहाचा पाढा म्हण.’

मी म्हणायला लागले. सहा एके सहा. सहा दुणे बारा. ते उठले. सहा त्रिक अठरा. शिट्टी. सहा चोक चोवीस. शिट्टी. सहाचा संपला, मग सातचा, मग मी रडत रडत आठचा म्हटला. समीक्षा कुठेतरी पडली आहे, मेली आहे, आणि ती मी मारली आहे, हे माझ्या डोक्यात पाढ्याच्या तालावर चाललं होतं. मामांना सांगून टाकावं असं वाटलं. पण ते आधीच इतके घाबरलेले होते की त्यांना आणखी काही सांगायची मला भीती वाटली. खरं म्हणजे हे मी नंतर शोधलेलं कारण आहे. मला माझीच भीती वाटत होती.

पठारावर आलो तर काळा दगड दिसेना. कुठल्या बाजूला शोधायचं? तिन्हीकडे कडा, आणि चुकीच्या बाजूला गेलो तर आम्हीच खाली. मी हाका मारत सुटले. मामांनी माझा दंड धरला.

‘थांब. विचार करू दे. ती पळायला गेली असणार.’

‘मॅडमनी नको म्हटलेलं.’

‘म्हणूनच गेली असणार. दहा वर्षं ट्रॅकवर पळते ती. ट्रॅकवर माणूस नेहमी डावीकडेच वळतो. पुढचं दिसेनासं झालं तरी तिचे पाय डावीकडेच वळत जाणार.’

तीस वर्षं ट्रॅकच्या रेषा ओढलेल्या माणसालाच ते सुचावं. डोंगरातल्या कुणालाही सुचलं नसतं. आम्ही उतारवाटेकडे पाठ केली आणि डावी बाजू धरून, मामांच्या हातातल्या काठीनं गवत चाचपत, पावलाला पाऊल लावत गेलो. एका ठिकाणी काठी टेकलीच नाही. मामा झटकन मागे बसले आणि मला खाली ओढलं. समोर धुक्यातून वर वारा येत होता. त्यांनी शिट्टी मारली आणि खालून, अगदी जवळून, आवाज आला. ‘मामा.’

ती दोन माणसांच्या उंचीएवढी खाली होती. कातळाला एक कट्टा होता, दाराच्या उंबऱ्यापेक्षा थोडा रुंद, त्यावर ती कातळाला चिकटून बसली होती. उजवा पाय भलत्याच दिशेला वळलेला. कट्ट्याच्या खाली काही नव्हतं, नुसतं पांढरं. ‘मला झोप येतेय,’ ती म्हणाली. ‘हात सुटतोय.’

मामा पालथे पडून खाली बघत होते. त्यांचं सगळं अंग लटलट कापत होतं, तोंडातून बारीक आवाज येत होता. मी उतरते म्हटलं. ‘तू हलकी आहेस, तुला ती धरवायची नाही,’ ते म्हणाले. मग त्यांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि डोळे मिटून, पाठीवर घसरत, करवंदीच्या मुळ्यांना धरून खाली गेले. मुळी तुटल्याचा आवाज आला तेव्हा मीही डोळे मिटले. उघडले तेव्हा ते तिच्या शेजारी होते, तिला दोन्ही हातांनी कातळाशी दाबून धरून.

‘सोनल,’ ते खालून म्हणाले, ‘शिट्टी मारत राहा. आणि मला खाली बघ असं सांगू नकोस. बाकी काही पण सांग.’

दीड तास. दीड तास ते डोळे मिटून तिला धरून बसले होते आणि सबंध वेळ बोलत होते. गौरीला काय काय करतात, मालन पुरणात जायफळ किती घालते, स्पाइक्सच्या बुटांचे खिळे कुठल्या दुकानात चांगले मिळतात. मी कड्यावर पालथी पडून शिट्टी मारत होते. साडेपाचच्या सुमाराला सखारामदादा आणि वाडीतले चौघे दोर घेऊन आले. आधी समीक्षाला वर घेतलं. मामांची बोटं तिच्या रेनकोटवरून एकेक करून सोडवावी लागली. वर आल्यावर ते गवतावर बसून लहान मुलासारखे रडले, आणि त्यांना हसायचं मला पहिल्यांदाच सुचलं नाही.

कल्याणच्या हॉस्पिटलात समीक्षाच्या घोट्यात स्टीलची पट्टी आणि सात स्क्रू बसवले. डॉक्टर म्हणाले, चालेल व्यवस्थित, पळण्याचं विसरा. मी भेटायला गेले तेव्हा तिची आई औषधं आणायला खाली गेली होती. समीक्षा छताकडे बघत म्हणाली, ‘तुम्ही हजेरी घेतली नाही का गं?’

‘घेतली,’ मी म्हटलं. ‘पण धुकं केवढं होतं ना.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘धुकं होतं.’ आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

पंधरा दिवसांनी प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये आम्हाला सगळ्यांना उभं केलं. मॅडमनी सांगितलं की नावं घेतली, सहाही येस आले. ‘मग सहावं कोणी म्हटलं?’ सरांनी विचारलं. पंखा फिरत होता. माझ्या जिभेवर आलं होतं, शप्पथ आलं होतं. तेवढ्यात मामा एक पाऊल पुढे आले. ‘सर, नावं मॅडमनी घेतली. डोकी मोजायचं काम माझं. मी मोजली नाहीत. चूक माझी आहे.’ सरांना जबाबदार माणूस हवा होता, तो मिळाला. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही.

मामांना जिमखान्यातून काढून परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर बसवलं. स्पर्धेनंतरचा डोंगर बंद झाला. टीममध्ये सगळ्यांचं एकच मत, मामांनी कुणाला तरी पाठीशी घातलं. कुणाला ते मला माहीत होतं. मी त्यांना कॉरिडॉरमध्ये टाळायला लागले. ते लांबून हात करायचे आणि मी फोनमध्ये बघायचे.

यंदा मे महिन्यात ते निवृत्त झाले. मी आता माजिवड्याला एका ऑफिसात आहे. बातमी कळली तेव्हा एका रविवारी दुपारी पेढे घेऊन ठाकुर्लीला गेले. तीन वर्षांचं ओझं त्या दिवशी उतरवायचं ठरवून गेले होते. त्यांनी मला वाचवलं, मी आता कबूल करणार, ते मला माफ करणार, असा सगळा प्रसंग मी रिक्षातच रचला होता.

मालनमामींनी चहा ठेवला. मी एका दमात म्हटलं, ‘मामा, त्या दिवशी समीक्षाच्या नावाला येस मी म्हटलेलं.’

‘हां,’ मामा म्हणाले. ‘ठाऊक आहे.’

‘कधीपासून?’

‘तेव्हापासून. तुझ्या मागेच तर उभा होतो. तुमचे आवाज मला कळत नाहीत होय? दोन वर्षं रोज पहाटे ऐकलेत.’

‘मग तेव्हाच थांबवलं का नाहीत?’

त्यांनी कप खाली ठेवला. ‘घाबरलो,’ ते म्हणाले. ‘सखारामनं ओढ्याचं सांगितलेलं, तेच डोक्यात. समोरचा दगड दिसेना. टपल्या मारून मोजलं असतं तर पाच भरल्या असत्या आणि थांबायला लागलं असतं. मला थांबायचं नव्हतं, सोनल. मला खाली यायचं होतं. म्हटलं, कुणीतरी हो म्हणालंय ना, मग चला. कळून गप बसलो मी. साहेबांपुढे मी कुणाला वाचवलं नाही. लोक उगाच मोठेपणा देतात. होतं तेवढंच बोललो.’

स्वयंपाकघरात मामींनी नळ बंद केला. त्यांना हे आधीच ठाऊक असावं, कारण त्या बाहेर आल्या नाहीत.

‘समीक्षाला सांगितलंत?’

‘पहिल्याच आठवड्यात. हॉस्पिटलच्या जिन्यावरून दोनदा परत फिरलो, तिसऱ्यांदा गेलो.’

‘काय म्हणाली?’

मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, ‘खरं म्हणजे हे तिनं सांगायला हवं. पण तू विचारतेस म्हणून. ती म्हणाली, मी दगडाच्या आडच होते, मामा. माझं नाव ऐकलं, ओ देणार, तेवढ्यात येस ऐकू आलं. सोनल आहे हे मला लगेच कळलं. म्हटलं, सोनल आहे म्हणजे काळजी नाही. ती सांभाळून घेईल. म्हणून तुम्ही निघायच्या आत एक फेरी मारून यायला गेले.’

माझ्या हातातला कप मी बशीत ठेवला. म्हणजे खाटेवरून तिनं मला विचारलं तेव्हा उत्तर तिला माहीत होतं. ती मला सांगायची संधी देत होती, आणि मी तिला धुकं सांगितलं. त्यानंतर तीन वर्षं आम्ही दर दोन महिन्यांनी भेटतोय, वडापाव खातोय, तिच्या लंगडण्यावर ती स्वतः विनोद करतेय आणि मी हसतेय.

‘मला अजून विचारते,’ मामा म्हणाले. ‘फोन केला की विचारते, सोनल काही बोलली का.’

त्या कड्यावर पालथी पडले होते तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते. पेढ्यांचा बॉक्स तसाच बंद होता. मी तिथेच, त्यांच्या समोर, फोन काढला. दुसऱ्या रिंगला तिनं उचलला. मी म्हटलं, ‘मी मामांकडे आहे.’ पुढचं येईना.

‘बोल,’ समीक्षा म्हणाली, आणि वाट बघत थांबली.